ओला पारा

शेड नंबर दोनच्या दारात, आतल्या बाजूला, एका लाकडी फळीवर दोन तापमापक शेजारी शेजारी टांगलेले होते. एक नुसताच. दुसऱ्याच्या खालच्या गोळ्याला सुती वात गुंडाळलेली आणि वातीचं टोक पाण्याच्या छोट्या बाटलीत सोडलेलं. पहिल्याला सगळे कोरडा पारा म्हणत, दुसऱ्याला ओला. बाटलीत पाणी भरायचं, दर दोन तासांनी दोन्ही आकडे शेजारच्या फळ्यावर खडूनं लिहायचे, हे काम चार वर्षं थोरलीकडे होतं. आकडे रोपांसाठी होते. रोपवाटिकेत आकडे रोपांसाठीच असतात, असं तीही धरून चालली होती.

त्या वर्षी उन्हाळ्याच्या शेवटी ऊन गेलं आणि आभाळ भरून राहिलं. अकरा दिवस वारा नव्हता. ढग हलेनात, पाऊस येईना. दोरीवरचे कपडे दुसऱ्या दिवशीही ओलसर लागायचे. मिठाच्या बरणीत पाणी सुटलं होतं.

रोपवाटिकेच्या मागे कामगारांच्या पत्र्याच्या सहा खोल्या होत्या. शेवटच्या दोन थोरलीच्या घराकडे. एकीत थोरली आणि तिचा नवरा. तो रोपवाटिकेचा पंप आणि फवारे सांभाळायचा. दुसरीत तिची धाकटी जाऊ, जिचा नवरा ट्रकवर असायचा आणि महिन्यातून चार दिवस घरी यायचा. दोन्ही खोल्यांसमोरच्या ओट्यावर सासऱ्यांची खाट. त्यांनी बावीस वर्षं तांदळाच्या गिरणीत बॉयलरवर कोळसा मारला होता. कोपरापासून खाली त्यांच्या हातांवर एक केस नव्हता.

सकाळी सहाला थोरली पत्र्यावर चढून, पत्रा तापू नये म्हणून, चुन्याचा दुसरा हात मारत होती. धाकटीनं शिडी धरली होती.

"गोंद घातला का?" सासऱ्यांनी खाटेवरून विचारलं.

"घातला, बाबा."

"मी सांगितला त्याच्या अर्धा घातला असशील. बिनगोंदाचा चुना म्हणजे नुसती बोलणी. पहिल्या सरीत वाहून जातो."

"बाबा, तुमची बोलणी तर अजून एकदाही वाहून गेली नाहीत," धाकटी म्हणाली.

म्हातारा हसला, मग खोकला. "आज हवा वाईट आहे," तो म्हणाला. "बॉयलरखाली आम्ही जोडीनं उतरायचो. एक कोळसा मारायचा, दुसरा त्याच्या तोंडाकडे बघायचा. कोळशाकडे नाही, तोंडाकडे. गडी भलतंसलतं बोलायला लागला की धरून बाहेर. घामाला काय, घाम सगळ्यांनाच येतो. आज तुम्ही दोघी जोडीनं राहा."

"दोघी जोडीनंच असतो. भांडायला कोणीतरी लागतं ना."

सातला शिट्टी झाली. सुपरवायझरच्या गळ्यात काळ्या दोरीला एक लोखंडी शिट्टी असायची. कामाला, डब्याला, सुटीला, ओरडायला, सगळ्याला तीच. तोंडावर त्याला साहेब म्हणत; पाठीमागे तो शिट्टीच होता.

शेडमध्ये नऊ बायका होत्या. दोन दिवसांनी चाळीस हजार रोपं गाड्यांवर चढायची होती. काम नांग्या भरण्याचं. ट्रेमधल्या ज्या खणातलं रोप मेलं असेल तिथं दुसऱ्या ट्रेमधलं उचलून लावायचं. दिवसभर वाकून. वर प्लास्टिकचं छप्पर, दोन्ही बाजूंना गुंडाळून वर चढवता येणारे प्लास्टिकचे पडदे.

नऊला थोरलीनं फळ्यावर लिहिलं: कोरडा चौतीस, ओला एकोणतीस. फळ्याच्या वर बियाणंवाल्यांनी दिलेलं एक कार्ड खिळ्यानं ठोकलेलं होतं. ते तिला पाठ होतं. ओला पारा तीसच्या वर गेल्यास फवारे बंद करावेत, पडदे पूर्ण वर घ्यावेत, रोपे आत ठेवू नयेत.

"सूर्य दिसत नाही आणि एवढं तापतंय कशानं?" एक बाई म्हणाली. ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत बोलायची म्हणून तिला रेडिओ म्हणत. "खालून कोण जाळ लावतंय?"

"तुझी जीभ," पलीकडून कोणीतरी म्हणालं.

दहापर्यंत अंगावरचे कपडे पिळून काढण्यासारखे झाले होते. घाम हनुवटीवरून ट्रेमध्ये पडत होता आणि पुसून पुसून तोंड सोलल्यासारखं झालं होतं. तो वाळत नव्हता. थोरलीनं कंबर सरळ केली आणि पंपाच्या खोलीकडे हाक मारली.

"अहो, फवारा सोडा जरा."

"रोपांना नऊलाच दिलाय," नवरा आतून म्हणाला.

"रोपांना नको. आम्हाला सोडा."

त्यानं सोडला. छपराखालच्या नळ्यांमधून बारीक धुकं उतरलं. बायकांनी तोंडं वर केली, डोळे मिटले. शिट्टी आला, त्यानं बघितलं, आणि त्या दिवशी त्याला कोणावर राग काढायचा नव्हता.

"घ्या, घ्या. पण धुकं सगळं बाहेर चाललंय." तो पंपवाल्याकडे वळला. "पडदे खाली घे. आत राहू दे गारवा."

नवऱ्यानं हँडल फिरवून दोन्ही पडदे जमिनीपर्यंत आणले. शिट्टीनं जाता जाता कोरड्या पाऱ्याकडे बघितलं. "पस्तीस. मागच्या महिन्यात एक्केचाळीस होतं, तेव्हाही कोणी मेलं नाही."

अकराला थोरली आकडे बघायला गेली. कोरडा पस्तीस. ओला तेहतीस. चार वर्षांत तिनं ओल्याखाली तेहतीस लिहिलं नव्हतं. खडू हातात ओला झाला, नीट उमटेना. रोपांना बुरशी धरेल, साहेबांना सांगायला हवं, एवढंच तिच्या मनात आलं.

मागून रेडिओचं हसणं ऐकू आलं. "अगं, चांगली रोपं कशाला उपटतेस? मालकावर राग आहे का?"

धाकटी भरलेल्या ट्रेमधली रोपं एक एक करून काढत होती आणि जमिनीवर टाकत होती. नेटानं, घाईनं, कामासारखी. तिचं तोंड लालभडक झालं होतं.

"काय करतेस?" थोरलीनं विचारलं.

"आई, ताटं घे," धाकटी म्हणाली. "ट्रक आलाय दारात. ते उपाशी आहेत."

रेडिओ पुन्हा हसली. थोरली हसली नाही. तिनं धाकटीच्या मानेवर हात ठेवला आणि झटकन काढून घेतला. घामानं भिजलेलं अंग तव्यासारखं तापलं होतं. धाकटीनं तिचा हात ढकलला, दोन पावलं टाकली आणि गुडघ्यात मोडली.

"धरा," थोरली म्हणाली. "पाय तुम्ही धरा. बाहेर."

चौघींनी तिला उचललं. शेडच्या समोर, हिरव्या जाळीच्या सावलीत, सिमेंटचं टाकं होतं. कमरेएवढं खोल. त्यात रोपांसाठी गाळलेलं, औषध मारून बसवलेलं पाणी असायचं. भिंतीवर लिहिलेलं होतं, हात घालू नये. चार वर्षांत थोरलीनं त्यात बोट बुडवलं नव्हतं. हात घातला तर पाणी बाटतं, रोग रोपांना जातो, हे इथं पहिल्या दिवशी शिकवत.

शिट्टी धावत आला. "तिथं नाही. नळावर न्या, नळावर."

"नळाचं पाणी पाइपातून कढत येतं."

"अगं बाई, पाणी खराब होईल. चाळीस हजार रोपं आहेत."

"रोपं चाळीस हजार आहेत," थोरली म्हणाली. "ही एकच आहे." आणि ती चपलांसकट टाक्यात उतरली. बायकांनी धाकटीला आत सोडलं. थोरलीनं तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं आणि बाकी अंग मानेपर्यंत पाण्याखाली धरलं. शिट्टीनं शिट्टी तोंडाला लावली, वाजवली नाही, खाली सोडली.

"अहो, बियाण्याच्या फ्रिजमध्ये बर्फ असेल," ती म्हणाली.

नवरा पळत जाऊन ट्रेभर बर्फ घेऊन आला. काखेत, मानेला, मांड्यांमध्ये. रेडिओ रिकाम्या ट्रेनं वारा घालत होती. धाकटीला एकदा झटका आला. एकदा उलटी झाली, टाक्यातच. वीसेक मिनिटांनी तिनं डोळे उघडून थोरलीकडे नीट बघितलं.

"ताई, माझी चप्पल कुठाय?"

तेव्हा कुठे तिला टेम्पोत घातली. दवाखान्यातल्या डॉक्टरीण बाईंनी ओले कपडे बघून विचारलं, "पाण्यात कोणी घातलं?" थोरली म्हणाली, मी. डॉक्टरीण बाई सुई टोचता टोचता म्हणाल्या, "आधी गार केलीत आणि मग आणलीत. उलट केलं असतं तर मला हिच्याशी बोलता आलं नसतं."

धाकटीला दोन दिवस ठेवून घेतलं. पंधरा दिवस काम नाही.

संध्याकाळी शिट्टी ओट्यापाशी आला. खाटेवर बसला नाही, उभ्यानंच एक कागद पुढे केला. टाकं रिकामं करून धुवावं लागलं होतं. कागदावर लिहिलं होतं की परवानगी न घेता टाक्यात उतरून पाणी खराब केलं, ही चूक झाली, पुन्हा असं करणार नाही.

"मालकांनी सांगितलंय. उद्या सात वाजता सही पाहिजे. नाहीतर या दोन खोल्यांचं बघावं लागेल." तो जरा घुटमळला. "बरी आहे का ती?"

"बोलतेय," थोरली म्हणाली.

तो गेल्यावर नवऱ्यानं कागद हातात घेतला, उजेडाकडे धरला. "एक ओळ आहे. करून टाक सही. खोली गेली तर बाबांना घेऊन जायचं कुठे?"

"वाचा ना शेवटचं."

"पुन्हा असं करणार नाही."

"मी करणार."

"म्हणजे?"

"पुन्हा कोणी पडली तर पुन्हा टाक्यातच घालणार. मग खोटं कशाला लिहून देऊ?"

थोरली ओट्यावर बसून ओल्या चपलांचे पट्टे पुसत होती. "फवारा मीच मागितला," ती म्हणाली. "फळ्यावर नऊला एकोणतीस लिहिलं माझ्या हातानं. तीसवर रोपं आत ठेवू नका, हे मला पाठ आहे. आणि मी आपलं म्हणते, फवारा सोडा."

"पडदे मी पाडले," नवरा म्हणाला. हँडल फिरवून त्याच्या तळव्याला घट्टे पडलेले होते; तो ते दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं दाबत राहिला.

"आता दोघं रडत बसा," सासरे खाटेवरून म्हणाले. "गिरणीत आमचा एक गडी गेला. दुसऱ्या दिवशी मुकादम म्हणाला, चला खाली. आम्ही गेलो." ते थांबले. "बावीस वर्षं काढली ना मी तिथं, त्यातली पुढची अकरा वर्षं मला रोज तेच आठवायचं. आम्ही गेलो."

कागद त्यांनी नवऱ्याच्या हातातून घेतला, दुमडला आणि त्यानं मानेवरची माशी हाकलली.

सकाळी सातला थोरली शेडच्या दारात आली तेव्हा लाकडी फळीवर एकच तापमापक होता. ओल्या पाऱ्याच्या जागी दोन खिळे आणि बाटलीचा गोल डाग. शिट्टी फळ्याला टेकून उभा होता.

"आजपासून एकच आकडा लिहायचा. दोन आकड्यांनी उगाच डोकी फिरतात. कागद आणलास?"

"वाचला."

"सही?"

"त्यात शेवटची ओळ खोटी आहे. ती काढा, बाकीच्याला करते."

शिट्टीनं आजूबाजूला बघितलं. बाकीच्या सात बायका कामाला लागल्यासारखं करत ऐकत होत्या. उद्या संध्याकाळी पाचला गाड्या सुटणार होत्या आणि एक माणूस आधीच कमी होतं. "गाड्या जाऊ देत," तो हलक्या आवाजात म्हणाला. "मग बघतो तुझ्याकडे."

"बघा. पण तोंडाकडे बघा. कामाकडे बघून कळत नाही."

तो निघून गेला. आभाळ कालच्यासारखंच होतं. दहाच्या सुमारास रेडिओनं एका ट्रेवरून हात काढला आणि नुसती उभी राहिली. "डोकं ठणकतंय गं."

थोरली दारापाशी गेली. कोरडा पस्तीस. तिनं तो फळ्यावर लिहिला, सांगितल्याप्रमाणे. मग डोक्याला बांधलेलं सुती फडकं सोडलं, दातांनी कड फाडली, बोटभर रुंद पट्टी काढली, प्यायच्या पाण्यात बुचकळली आणि कोरड्या पाऱ्याच्या गोळ्यालाच गुंडाळली. एक रिकामा ट्रे घेऊन ती त्याला वारा घालू लागली.

"काय चाललंय?" रेडिओनं विचारलं. बायका जवळ आल्या.

"थांबा."

पारा उतरू लागला. चौतीस. तेहतीस. थोरली वारा घालत होती, हात दुखू लागल्यावर रेडिओनं ट्रे घेतला. एकतीसच्या जरा वर तो थांबला. बराच वेळ वारा घालूनही हलला नाही.

"उन्हाच्या दिवसांत हा पंधरानं खाली यायचा," थोरली म्हणाली. "चार वर्षं बघतेय मी. आज चारनंही नाही. हवेत जागाच नाही. फडकं वाळत नाही तर आपला घाम कसा वाळेल?" तिनं कार्डावर बोट ठेवलं. "हे वाचा. तीसच्या वर रोपं आत ठेवू नका म्हणतायत."

बायका कार्डाकडे बघत राहिल्या. रोज त्याखालून जायच्या.

"मी तर तणासारखी आहे," रेडिओ म्हणाली. "कुठेही उगवते. पण मीसुद्धा चालले."

नऊजणींतल्या उरलेल्या आठ बाहेर आल्या आणि जाळीच्या सावलीत टाक्याच्या भिंतीला टेकून बसल्या. कोणी बादलीत पाय सोडले. कोणी मीठ-साखरेच्या पाण्याचा तांब्या फिरवला. एकीनं बसल्या बसल्या ओला रुमाल तोंडावर टाकला.

शिट्टी वाजली. मग लांब वाजली. मग तुटक तुटक, चारदा. रुमालाखालून आवाज आला, "दम लागेल त्याला. पाणी द्या कोणीतरी."

शिट्टी समोर आला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता. "उठा."

कोणी उठलं नाही. तो पंपाच्या खोलीकडे वळला. "पडदे खाली घे आणि फवारा सोड. गार झालं की येतील."

पंपवाला बाहेर आला. त्यानं हँडल लावलं आणि फिरवायला सुरुवात केली. पडदे वर चालले. एका बाजूचा पूर्ण वर गेला, मग दुसऱ्या बाजूचा. त्यानं हँडल खोबणीतून काढलं, येऊन बायकोपासून चार हातांवर बसला आणि ते मांडीवर आडवं ठेवलं.

"तूसुद्धा?" शिट्टी म्हणाला.

"कार्डावर तसंच लिहिलंय, साहेब. पडदे पूर्ण वर."

शिट्टीनं मालकांना फोन लावला आणि आवाज सगळ्यांना ऐकू जाईल असा मोठा केला. मालक धाकानं बोलतील, असं त्याला वाटलं असावं.

"कोण आहे पुढे?" मालकांनी विचारलं.

"मी. पंपवाल्याची बायको. टाक्यात उतरलेली."

"बाई, उद्या गाड्या आहेत."

"ठाऊक आहे. आम्ही पहाटे पाचला येऊ. ओला पारा तीसवर गेला की बाहेर. चारनंतर उतरला की परत आत. रोपं तेवढीच भरतील."

"आणि मी नाही म्हटलं तर?"

"तर तुम्ही या. दुपारी बाराला. अर्धा तास आत उभे राहा, आम्ही पडदे खाली करून देतो. मग नाही म्हणा."

फोनमध्ये पंख्याचा आवाज येत होता. थंड खोलीतल्या पंख्याचा, एकसारखा. आठही बायकांनी तो ऐकला.

"सुपरवायझरला द्या," मालक म्हणाले.

शिट्टीनं आवाज बारीक केला, फोन कानाला लावला आणि पाठ फिरवली. हो साहेब, तीनदा. वळल्यावर त्यानं कोणाकडे न बघता सांगितलं, "आजचा दिवस."

"उद्याचं उद्या सांगू," थोरली म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्या पहाटे पाचला आल्या, साडेनऊला बाहेर पडल्या, चारनंतर परत आत गेल्या. गाड्या पाचऐवजी साडेसातला सुटल्या. अडीच तासांचा उशीर शिट्टीनं वहीत लाल शाईनं लिहिला आणि वही उघडीच टेबलावर ठेवली, सगळ्यांना दिसेल अशी. रोपं चाळीस हजार भरली होती.

थोरलीनं फळ्यावर खडूनं लिहिलं होतं: ओला तीस, माणसं बाहेर. सकाळी ते पुसलेलं होतं. तिनं पुन्हा लिहिलं. संध्याकाळपर्यंत पुन्हा पुसलं गेलं. नवीन ट्रे भरायला आले होते आणि आभाळ अजून तसंच होतं.

धाकटी घरी आली. खाटेपासून दारापर्यंत चालली तरी तिला बसावं लागत होतं. उशाशी सहीचा कागद होता, चार घड्या पडलेला. ती त्यानं वारा घेत होती. "ताई, यात माझं नावच नाही," ती म्हणाली. "पडले मी, आणि चूक तुझी."

"सावकाश वाच. डोकं दुखेल."

थोरलीनं पत्र्याच्या खोलीमागून चुन्याची बादली काढली. तळाशी बोटभर चुना उरला होता.

"गोंद?" सासऱ्यांनी विचारलं.

"तुम्ही सांगितला तेवढा, बाबा. पूर्ण."

दिवस उजाडल्या उजाडल्या, शिट्टी व्हायच्या आधी, तिनं शेड नंबर दोनच्या लोखंडी दारावर फळ्यावरचं तेच लिहिलं. वीतभर उंचीची अक्षरं, ब्रश जाड असल्यानं थोडी वाकडी. नवऱ्यानं स्टूल धरलं.

सातला शिट्टी आला तेव्हा चुना वाळला होता. त्यानं वाचलं. खिशातून रुमाल काढून पाण्यात बुडवला आणि पहिल्या अक्षरावर घासू लागला. रुमाल पांढरा झाला, तळवा पांढरा झाला. अक्षर तसंच राहिलं.

"पुसून टाक हे," तो म्हणाला.

"तुम्ही पुसताय ना."

"खोल्या रिकाम्या करायला सांगेन मी."

"सांगा. पण पत्र्यावरचाही चुना खरवडून न्या मग. तोच आहे." ती ट्रे उचलून आत गेली. तिच्या मागून बाकीच्या गेल्या.

साडेदहाला तिनं फडक्याची पट्टी ओली केली आणि वारा घालायला ट्रे उचलला. शिट्टी दारात उभा होता. तो आत आला, तिच्या खांद्यावरून वाकून पाऱ्याकडे बघू लागला. बत्तीस. एकतीस. तिथं पारा थांबला. दोघंही बघत राहिले. शिट्टीच्या नाकावरून घामाचा थेंब फळीवर पडला.

त्यानं शिट्टी तोंडाला लावली आणि जोरात वाजवली, आपणच सांगितल्यासारखी. ती ऐकायला शेडमध्ये थोरलीशिवाय कोणी नव्हतं. बाकीच्या बायका तोवर बाहेर पडल्या होत्या.